बोगदा झाला तरी बेगमी हवीच

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर बडोदा हाऊस आहे. सयाजीराव गायकवाडांसाठी ल्युटेन्सने आखलेली ही वास्तू आज उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. काश्मीर खोऱ्यात रूळ नेण्याच्या प्रचंड कामाची सूत्रे येथून हलली. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर गाडी सुटली आणि २७२ किलोमीटरचा उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला मार्ग पुरा झाला. महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे, वृत्तपत्राची कचेरी आहे, परदेशी संस्थांची सांस्कृतिक केंद्रे आहेत. थोडक्यात, देशाविषयी मत बनवणारी मंडळी या रस्त्यावर रोज भेटतात. त्यांच्यात लडाखच्या हिवाळ्याविषयी एक मत जवळजवळ सिद्धान्त म्हणून रूढ झाले आहे. ते मत चुकीचे आहे, आणि चुकीचे असूनही ते अंमलात येण्याच्या बेतात आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडतो. लडाखचे हिवाळी हाल ही मुळात रस्त्याची अडचण आहे. ३,५२८ मीटर उंचीचा जोझिला बर्फाने मिटला की श्रीनगर-लेह रस्ता तुटतो. म्हणून उन्हाळा सरायच्या आत साऱ्या हिवाळ्याचे डिझेल, पेट्रोल, रॉकेल आणि सिलिंडर वर चढवून ठेवावे लागतात. या साठ्यात पैसा अडकतो, टाक्या सांभाळाव्या लागतात, वाहतुकीचा भार सरकारवर पडतो. आता चित्र पालटते आहे. पूर्वी हा रस्ता पाच-सहा महिने बंद राही. सीमा रस्ते संघटनेने तो काळ २०२२ मध्ये ७३ दिवसांवर, २०२३ मध्ये ६८ वर, २०२४ मध्ये ३५ वर आणि २०२५ मध्ये ३२ दिवसांवर आणला. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी खुला झाला. जोझिलाखालचा तेरा किलोमीटरहून लांब बोगदा पुरा झाला की बंदीचे दिवस शून्यावर येतील. मग साठा कशाला? टँकर बारा महिने चढतील आणि लेहचा पंप पुण्या-नागपूरच्या पंपासारखा येणाऱ्या मालावर चालेल. उरलेली कसर वीज आणि सौरऊर्जा भरून काढतील.

हे मत अडाण्यांचे नाही. यात आकडे आहेत, ते खरे आहेत, आणि त्या आकड्यांमागे माणसांचे कष्ट आहेत. सीमा रस्ते संघटनेच्या ग्रेफ दलाचे केंद्र पुण्यात दिघीला आहे. त्यामुळे जोझिलावर मार्चमध्ये बर्फाच्या भिंती कापणाऱ्या हातांविषयी मराठी माणसाला आपुलकी वाटावी, हे स्वाभाविक आहे. बोगदा झालाच पाहिजे. द्रासमध्ये अडलेल्या बाळंतिणीला, सुट्टीवर निघालेल्या जवानाला, भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला तो हवा आहे. आक्षेप आहे तो बोगद्यावर चढवलेल्या अपेक्षेला. रस्ता उघडा राहणे आणि घरात ऊब असणे या दोन गोष्टी हे मत एकच धरते. तिथेच सारा घोळ आहे.

पहिला पुरावा फार लांबचा नाही. रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्या वेळी ‘लडाख आता बारमाही जोडला गेला’ अशी हवा देशभर झाली होती. प्रत्यक्षात काय झाले? लाहौलचे भले झाले. केलाँगचा हिवाळी वनवास संपला, आणि ही गोष्ट लहान नाही. पण केलाँगहून पुढे दारचा ओलांडले की बारालाचा ला आहे, त्यापुढे नकी ला, लाचुंग ला, आणि ५,३०० मीटरहून उंच तांगलांग ला. या खिंडी बोगद्याचे उद्घाटन पाहून वितळल्या नाहीत. मनाली-लेह रस्ता आजही हिवाळ्यात बंद होतो. एका खिंडीखालून वाट काढली म्हणजे रस्ता बारमाही झाला, हे गणित एकदा मांडून झाले आणि एकदा चुकूनही झाले. तेच गणित जोझिलावर पुन्हा कशासाठी मांडायचे?

जोझिलाच्या वाटेवर इतक्या खिंडी नाहीत, असे उत्तर येईल. मान्य. पण लेहचा टँकर जोझिलाच्या पायथ्याशी जन्माला येत नाही. तो पंजाब-हरियाणाच्या मैदानातून निघतो आणि जम्मू-श्रीनगर महामार्गाने खोऱ्यात चढतो. या महामार्गावर बोगद्यांची कमतरता नाही. चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा २०१७ पासून आहे, बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा २०२१ पासून. तरी २० एप्रिल २०२५ ला रामबनजवळ डोंगर उतरला आणि रस्ता कित्येक दिवस बंद पडला. त्याच वर्षी ऑगस्टअखेरच्या पावसाने उधमपूरजवळ रस्ताच खचला. ऐन हंगामातली काश्मिरी सफरचंदे ट्रकमध्ये सडली. तेव्हा बर्फ नव्हता आणि हिवाळाही नव्हता. बोगदे शाबूत होते, मधला डोंगर खाली आला.

त्या वेळी रेल्वे धावून आली, हे पूर्वपक्षाच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. १३ सप्टेंबरपासून बडगामहून दिल्लीच्या आदर्शनगरला सफरचंदांची पार्सल गाडी सुरू झाली. रेल्वेमुळे खोऱ्याला दुसरी वाट मिळाली आणि तिचे मोल मोठे आहे. पण रेल्वे म्हणजे निसर्गावर कायमची मात असे मानणाऱ्यांनी कोकणाकडे पाहावे. चिनाब नदीवर ३५९ मीटर उंचीचा पूल उभारण्याचे काम ज्या कोकण रेल्वे महामंडळाने पार पाडले, त्याच महामंडळाच्या स्वतःच्या मार्गावर ६ ऑगस्ट २०२० ला पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली आणि गाड्या पुणे-मिरज-लोंढ्यामार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरले. आठवडा उलटत नाही तोच खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली. देशातले सर्वांत अनुभवी बोगदेकरी जिथे दर पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लावतात, गस्तीचे गँगमन वाढवतात, तिथे दोष कौशल्याचा नाही. डोंगराचा स्वभाव तसा आहे. शिवाय पेडण्याला गाडी वळवायला लोंढा होता. जानेवारीत जोझिलाची वाट बंद पडली तर द्रासचा टँकर कुठून वळवणार?

आता त्या घटत्या दिवसांच्या आकड्यांकडे येऊ. ७३, ६८, ३५, ३२. उतरती रांग दिसायला सुंदर आहे. पण रस्ता ‘उघडला’ याचा अर्थ त्या दिवसापासून टँकरांची रांग सुटली असा होत नाही. आधी हलकी वाहने सुटतात, चाकांना साखळ्या बांधून, आज वरून खाली तर उद्या खालून वर. हवा बिघडली की तीही थांबतात. बंदीच्या दिवसांत हे अर्धमेले दिवस मोजलेले नाहीत.

याहून मोठा दोष तर्काचा आहे. साठा किती हवा हे सरासरी हिवाळ्यावरून ठरवायचे नसते. तो सर्वांत वाईट हिवाळ्यावरून ठरवावा लागतो. चार वर्षे रस्ता महिनाभरच बंद राहिला की महिनाभराचाच साठा करण्याचा मोह होतो. पाचव्या वर्षी दोन महिने बंद राहिला, तर जुन्या सहा महिन्यांच्या बेगमीवर जगणारे गाव जे सहज सोसत होते, ते ‘सुधारलेल्या’ गावाला सोसत नाही. म्हणजे रस्ता सुधारल्यामुळेच गाव अधिक अधू झाले. बंदी दुर्मीळ होत जाते तशी ती अधिक घातक होत जाते, कारण तयारी आधीच मोडलेली असते.

हे केवळ अनुमान नाही. कॅनडाच्या उत्तरेत येलोनाइफजवळच्या टिबिट सरोवरापासून हिऱ्यांच्या खाणींकडे दर हिवाळ्यात एक रस्ता बांधतात. त्याचा बहुतेक भाग गोठलेल्या तळ्यांवरून जातो, आणि खाणींचे वर्षभराचे डिझेल दोन-अडीच महिन्यांत त्यावरून जाते. २००६ चा हिवाळा उबदार निघाला. बर्फ पुरेसे जाड झाले नाही, रस्ता लवकर बंद करावा लागला, आणि उरलेले इंधन विमानांनी वाहून न्यावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर ऑन्टारियोतल्या आदिवासी वस्त्यांच्या संघटनेने, निश्नावबे आस्की नेशनने, हिवाळी रस्तेच तयार न झाल्यामुळे आणीबाणी जाहीर केली. याउलट नुनावुतकडे पाहा. तिथल्या २५ वस्त्यांपैकी एकही रस्त्याने दक्षिणेला जोडलेली नाही. उन्हाळ्यात समुद्र मोकळा होतो तेव्हा जहाजाने इंधन येते, प्रत्येक वस्तीच्या टाक्या भरतात आणि त्यावर वर्ष निघते. गरीब देशाची ही लाचारी नव्हे. जगातल्या एका श्रीमंत देशाने डोळे उघडे ठेवून चालवलेली ही व्यवस्था आहे.

आणि आपल्याला कॅनडापर्यंत जायलाच हवे असेही नाही. गडचिरोलीत पर्लकोटा नदी फुगली की भामरागड तुटते, हे महाराष्ट्र सरकारला ठाऊक आहे. म्हणूनच १९९५ पासूनच्या नवसंजीवन योजनेत आदिवासी भागात पावसाळ्याआधीच धान्य पोचवण्याची तरतूद आहे. पूल बांधू नका, असे त्यात कोणी म्हटलेले नाही. पूल होईल तेव्हा होईल, आणि झाला तरी जूनच्या आधी धान्य गावात हवे, एवढेच त्या योजनेला कळले आहे. हे शहाणपण दिल्लीला कळायला इतका वेळ का लागावा?

पुढचा मुद्दा भूगोलाचा. ‘लडाख’ म्हणजे लेह शहर नव्हे. जोझिलातून टँकर कारगिलला पोचला तरी जांस्करचे पदुम तिथून सव्वादोनशे किलोमीटरहून दूर आहे आणि मध्ये ४,४०० मीटरची पेन्झी ला हिवाळाभर मिटलेली असते. गोठलेल्या जांस्कर नदीवरून, ‘चादर’वरून, पिढ्यान् पिढ्या जांस्करी माणसे लोणी पाठीवर घेऊन लेहला आली ती याच कारणाने. पायांखाली बर्फ वाजले की थांबायचे, काठीने ठोकायचे, आवाज पोकळ आला तर कड्याला चिकटून पुढे सरकायचे. असा तो रस्ता आहे, आणि जाणकार म्हातारे सांगतात की तो पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा नवा रस्ता आणि त्यावरचा शिंकू ला बोगदा जांस्करला खरोखर तारेल. त्या बोगद्याचा पहिला सुरुंग २६ जुलै २०२४ ला उडाला आहे. नुब्राकडे खारदुंग ला आहे, चांगथांगकडे चांग ला आहे, दोन्ही ५,३०० मीटरच्या वर. प्रत्येक खोऱ्याचा आपला जोझिला आहे. एक बोगदा करून साठा बंद करायचा म्हणजे लेहच्या सोयीसाठी पदुमला उघड्यावर टाकायचे.

वर पोचलेले इंधन तरी जळते का, हाही एक प्रश्न आहे. साध्या डिझेलमधले मेण कडाक्याच्या थंडीत गोठते, फिल्टर तुंबतो, आणि भरलेली टाकी निरुपयोगी होते. उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने १७ नोव्हेंबर २०१९ पासून लडाखमध्ये आणले. ते बनते पानिपतच्या रिफायनरीत. त्या वर्षी रस्ता होता तसाच होता. सुधारणा रिफायनरीत झाली आणि गाड्या चालू लागल्या. सगळ्या अडचणी रस्त्याच्याच असतात, या समजुतीला हा एकच दाखला पुरे आहे. पानिपताचे नाव निघालेच आहे, तर मराठी वाचकाला १७६० चा हिवाळाही आठवेल. दिल्लीकडची वाट अब्दालीने रोखली, रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि छावणीतले धान्य संपले तेव्हा १४ जानेवारीला लढाई देण्यावाचून गत्यंतर उरले नाही. वाटेवर विसंबलेली आणि कोठार रिकामे असलेली फौज किती दिवस टिकते, याचा याहून कडू धडा आपल्या इतिहासात नाही.

आता खरा विषय, ज्याला पूर्वपक्ष स्पर्शही करत नाही. इंधन कशासाठी लागते? मुख्यतः घर गरम ठेवण्यासाठी. लेहच्या एखाद्या नव्या घरातली बुखारी जवळून पाहा. पत्र्याचा उभा डबा, बाजूला रॉकेलची लहान टाकी, नळीतून थेंब थेंब आत पडतो, आणि धुराचे नळकांडे खिडकीच्या तावदानात केलेल्या भोकातून बाहेर जाते. बुखारी पेटली की खोली तापते, विझली की तासाभरात बोटे आखडतात. कारण भिंती सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, छत पातळ, आणि काचा मोठ्या पण दिशा न पाहता लावलेल्या. टँकर शेकडो किलोमीटर चढून जे आणतो ते अशा भिंतींतून रात्रभरात आकाशात निघून जाते. जुनी लडाखी घरे शहाणी होती. जाड मातीच्या भिंती, खाली गुरे, वर माणसे, मध्यभागी स्वयंपाकघर, छताच्या कडेला रचलेला चारा आणि सरपण.

त्या शहाणपणाला आजचे विज्ञानही जोडून झालेले आहे. फे गावातल्या सेकमोल या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेचा परिसर कुटलेल्या मातीच्या भिंतींचा आणि दक्षिणाभिमुख आहे. हिवाळ्यात तिथे मुले सूर्याच्या उबेवर राहतात. ट्रोंब भिंतीची युक्ती तर सुतार-गवंड्याला दिवसात शिकवता येते. दक्षिणेकडची जाड भिंत काळी रंगवायची, तिच्यापुढे वीतभर अंतर सोडून काच लावायची, भिंतीला खाली-वर झरोके ठेवायचे. दिवसा तापलेली हवा वरच्या झरोक्याने आत येते, रात्री झरोके बंद करायचे आणि तापलेली भिंत हळूहळू ऊब सोडते. लडाखात पाऊस जवळजवळ नाही, ऊन मात्र मुबलक आहे. जे घर निम्म्या रॉकेलवर निभते, त्याचा तेवढाच साठा दुप्पट दिवस पुरतो. कोणताही बोगदा हे करू शकत नाही.

विजेचे काय? २२० किलोव्होल्टची श्रीनगर-लेह वाहिनी ३ फेब्रुवारी २०१९ ला देशाला अर्पण झाली, आणि तिने लडाखला राष्ट्रीय जाळ्यात आणले. निम्मू-बाझगोचा ४५ मेगावॅटचा आणि चुटकचा ४४ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प २०१४ मध्ये देशाला अर्पण झाले. पण हिमनद्यांच्या पाण्यावर चालणारा प्रकल्प हिवाळ्यात किती वीज देणार? नदी गोठते तेव्हाच मागणी शिगेला पोचते. सौरऊर्जेची मोठी योजना १३ गिगावॅटची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तिच्या वाहिनीसाठी २०,७७३ कोटी मंजूर केले. ती वाहिनी पांगहून हरियाणातल्या कैथलला जाणार आहे. लडाखच्या जुन्या वाहिनीशीही तिचा सांधा जोडायचे ठरले आहे, हे मान्य करतो. तरी तिचा मुख्य प्रवाह डोंगराकडून मैदानाकडे आहे. कैथलच्या पंख्यासाठी आखलेली योजना पदुमच्या बुखारीचे उत्तर म्हणून दाखवणे न्याय्य आहे का?

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. साठा म्हणजे शत्रूला लक्ष्य. ९ मे १९९९ रोजी पाकिस्तानी तोफांनी कारगिलचे दारूगोळ्याचे कोठार उडवले. एका जागी साठवलेली वस्तू एका गोळ्यात जाते, हे खरे. पण त्याच युद्धात घुसखोर द्रासच्या कड्यांवर कशासाठी येऊन बसले होते? खालचा श्रीनगर-लेह रस्ता त्यांच्या तोफांच्या टप्प्यात यावा म्हणून. म्हणजे रस्ताही लक्ष्यच, आणि बोगद्याची दोन तोंडे नकाशावर सर्वांना माहीत असणार. यातून निघणारा निष्कर्ष साठा मोडण्याचा नाही, साठा विखरण्याचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जांस्कर, द्रास, शाम, नुब्रा आणि चांगथांग असे पाच नवे जिल्हे जाहीर झाले. प्रत्येक जिल्ह्यात स्वतःच्या टाक्या, हिवाळी डिझेलचा वेगळा कोटा आणि गावपातळीवर लहान साठे उभे राहिले, तर एक तोफगोळा किंवा एक दरड साऱ्या प्रदेशाला अंधारात ढकलू शकणार नाही.

राहता राहिला खर्च. जोझिला प्रकल्पाचा अंदाज ६,८०० कोटींच्या घरात आहे, आणि मुदती वारंवार पुढे गेल्या आहेत. २०१८ मध्ये पायाभरणी झाली, कंत्राटदार कंपनी बुडाली, नव्याने पहिला सुरुंग उडायला १५ ऑक्टोबर २०२० उजाडले. या मधल्या वर्षांत कारगिल, द्रास आणि लेह कशावर जगले? उन्हाळ्यात भरलेल्या टाक्यांवर. साठा नसता तर हवाई दलाच्या एएन-३२ विमानांखेरीज त्यांना कोणी उरले नसते, आणि विमानाने नेलेल्या लिटरभर इंधनाचा हिशेब ट्रकच्या कैकपट होतो. त्या ६,८०० कोटींचा एक टक्का म्हणजे ६८ कोटी. तेवढी रक्कम बोगद्याबरोबरच, बोगदा होण्याची वाट न पाहता, द्रास आणि जांस्करच्या घरांच्या दक्षिणेकडच्या भिंतींवर आणि गावच्या टाक्यांवर खर्च करा, एवढीच मागणी आहे. बोगदा ज्या वर्षी खुला होईल त्या वर्षीचा ऑक्टोबरातला साठा आदल्या वर्षीपेक्षा एक लिटरनेही कमी नसावा, असा आदेश आजच निघाला पाहिजे. वाचकांनी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. निवाडा त्यांनी करावा.